शुश्रूषा आणि उत्तर : स्मृतिभ्रंशाच्या कथनांतील घरची माणसे

वृद्धाच्या देखभालीविषयी मराठी घरांत बोलले जाते तेव्हा ‘करणे’ हे क्रियापद एका विशिष्ट रीतीने येते. ‘तिने सासूचे सगळे केले’, ‘आता वडिलांचे कोण करते?’ या वाक्यांत काय केले, हे सांगितलेले नसते. षष्ठीचा प्रत्यय लागलेला वृद्ध आणि त्यापुढे ‘सगळे’ एवढ्यावर वाक्य पुरे होते. या ‘सगळे’मध्ये उचलणे-बसवणे, भरवणे, मळलेली धुणी धुणे, रात्री दोनदा उठून दाराची कडी पाहणे आणि एकच प्रश्न विसाव्यांदा ऐकून त्याला विसाव्यांदा काहीतरी उत्तर देणे, हे सारे सामावलेले असते. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक असते, म्हणूनच ते उच्चारण्याची गरज पडत नाही. मात्र या न उच्चारण्याचा एक परिणाम असा झाला आहे की, या कामाला भाषेने श्रेय आणि दोष हे दोनच शेरे दिले. ‘केले’ किंवा ‘केले नाही’. काम स्वतः कसे होते, करणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय चालते, समोरच्या माणसाकडे तो कोणत्या दृष्टीने पाहतो, याचे वर्णन करण्याची सोय त्यात राहिली नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची घरी देखभाल करणाऱ्यांचे चित्रण भारतीय आणि भारतेतर साहित्यकृतींत कसे येते, याचा विचार करताना भाषेतील ही रिकामी जागा प्रथम लक्षात घ्यावी लागते.

आजाराचे नावही निर्लेप नाही. आधुनिक वैद्यकाची परिभाषा घडवताना मराठीने ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द स्वीकारला. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हा शब्द क्रोधापासून विनाशापर्यंत जाणाऱ्या साखळीतील एक कडी म्हणून येतो. तेथे स्मृती जाते ती विषयांच्या ध्यासामुळे, म्हणजे साधकाच्या स्वतःच्या चुकीमुळे. मेंदूच्या पेशी झिजल्याने आलेल्या अवस्थेला नैतिक अधःपाताच्या क्रमातील शब्द लाभावा, ही गोष्ट अर्थशून्य नव्हे. बोलीतला ‘म्हातारचळ’ तर याहून स्पष्टवक्ता आहे. ‘चळ’ या शब्दात लहर आहे, हेका आहे, म्हणजे काही अंशी इच्छा गृहीत धरलेली आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीत वयाचा नियम सांगितला आहे, पण तो सांगण्याचा स्वर हसण्याचा आहे. जपानमध्ये या अवस्थेसाठी रूढ असलेला ‘चिहो’ हा शब्द त्यातील मूर्खपणाच्या अर्थच्छटेमुळे २००४ साली अधिकृतपणे बाजूला सारण्यात आला आणि ‘निन्चिशो’ हा आकलनाशी संबंधित शब्द त्याच्या जागी आणला गेला. मराठीत अशी जाणीवपूर्वक शब्दपालट झालेली नाही. ‘डिमेन्शिया’ आणि ‘अल्झायमर’ हे शब्द आले ते दवाखान्याच्या कागदावर आले. घरात अजूनही ‘तिला काही कळत नाही’ असेच म्हटले जाते.

लॉरेन्स कोहेन यांच्या वाराणसीतील क्षेत्रकार्यावर आधारलेल्या ‘नो एजिंग इन इंडिया’ (१९९८) या ग्रंथातील एक निरीक्षण साहित्याच्या अभ्यासकाला विशेष उपयोगी पडते. अमेरिकी चर्चाविश्वात वृद्धाची बिघडलेली बुद्धी ही मेंदूची गोष्ट होते, तर भारतीय चर्चाविश्वात ती ‘बिघडलेल्या कुटुंबा’ची गोष्ट होते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. म्हातारी माणसे असंबद्ध बोलतात, याचा अर्थ मुले त्यांना नीट पाहत नाहीत. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेल्या व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या गुणात्मक अभ्यासात याच चित्राची दुसरी बाजू दिसते. स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांना सहज ओळखता येत होती, परंतु तो वार्धक्याचाच भाग मानला जात असल्याने त्यासाठी डॉक्टरकडे जावे असे कोणाला वाटत नव्हते. कुटुंबाकडून होणारी देखभाल गृहीत धरली जाते तितकी खात्रीची नव्हती आणि पुष्कळदा ती मालमत्ता मिळण्याच्या अपेक्षेशी बांधलेली होती. म्हणजे एका बाजूला कुटुंबावर सर्वस्वी भिस्त आणि दुसऱ्या बाजूला कुटुंबाविषयी सर्वस्वी संशय, अशी ही रचना आहे.

हा संशय मराठी रंगभूमीला चांगलाच परिचित आहे. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (१९७०) हे स्मृतिभ्रंशाचे नाटक नव्हे. गणपतराव बेलवलकरांच्या मनात भूमिका आणि वास्तव यांची सरमिसळ होते, ती आघाताने होते. तरीही वृद्धाच्या ढासळण्याकडे पाहण्याची मराठी मध्यमवर्गाची दृष्टी या नाटकाने जितकी घडवली, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या कृतीने घडवली असेल. नाटकाची रचना खटल्याची आहे. मुलगा, सून, मुलगी, जावई हे आरोपी आहेत आणि प्रेक्षक न्यायाधीश. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी असलेले या नाटकाचे नाते सर्वश्रुत आहे, पण त्यात झालेला एक बदल पुरेसा तपासला गेलेला नाही. बेलवलकरांना कॉर्डेलिया नाही. तिसरे अपत्य गाळले गेले आहे आणि तिच्या वाट्याचे प्रेम पत्नी कावेरी व बूटपॉलिश करणारा राजा यांच्यात वाटले गेले आहे. कावेरीच्या मृत्यूनंतर उरतो तो राजा, म्हणजे रस्त्यावरचा परका मुलगा.

कॉर्डेलिया गाळल्याने नाटक काय गमावते, हे ‘लिअर’च्या चौथ्या अंकातील सातव्या प्रवेशाकडे पाहिले म्हणजे समजते. भ्रमातून हळूहळू जागा होणारा लिअर समोरच्या स्त्रीला प्रथम ओळखत नाही. ओळख पटते तेव्हा तो म्हणतो की, आपला तिरस्कार करण्याला इतर मुलींना कारण नाही, पण तिला आहे. कॉर्डेलिया उत्तरते की, काहीच कारण नाही. वस्तुस्थितीच्या हिशेबाने हे असत्य आहे. त्याने तिला बेदखल करून हाकलले होते. पहिल्या अंकात प्रेमाचे एक अतिशयोक्त वाक्यही उच्चारण्यास नकार देणारी, सत्याला काटेकोरपणे चिकटून राहणारी हीच मुलगी आहे. तिला हे असत्य बोलता येते, किंवा असे म्हणावे की पहिल्या अंकातले सत्य आणि चौथ्या अंकातले सत्य एकच नसते हे तिला उमगले आहे. याच प्रवेशात क्वार्टो संहितेतील वैद्य असा सल्ला देतो की, राजाला हरवलेल्या काळाचा हिशेब जुळवायला लावणे धोक्याचे आहे. आज स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या नातेवाइकांना जो पहिला सल्ला मिळतो, तो जवळपास हाच असतो. आठवण करून देऊ नका, दुरुस्त करत बसू नका.

देखभाल करणाऱ्याचा दृष्टिकोन कोणता, या प्रश्नाला साहित्यात खरी धार येते ती येथे. कर्तव्य पार पडले की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्राचा किंवा शेजाऱ्यांचा आहे. कथनाचा प्रश्न वेगळा आहे. समोरचा माणूस एक असे वाक्य उच्चारतो की, जे वास्तवाशी जुळत नाही. तो मृत आईला हाक मारतो, स्वतःच्याच घरात बसून घरी जायचे म्हणतो, मुलीला परकी बाई समजतो. त्या वाक्याचे काय करायचे? ते खोडून काढायचे, ऐकले न ऐकले करायचे, की त्याच्या आत शिरून उत्तर द्यायचे? कल्पित वाक्याला प्रतिसाद कसा द्यावा, हा साहित्याचाच मूलभूत प्रश्न आहे, आणि तो घरातल्या पलंगाशेजारी दररोज उभा राहतो. ‘शुश्रूषा’ या शब्दाची व्युत्पत्ती येथे आठवण्याजोगी आहे. ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध होतो. ऐकण्याची इच्छा, हा त्याचा मूळ अर्थ. तथापि या व्युत्पत्तीचे भाबडे कौतुक करण्याचे कारण नाही. ऐकणे म्हणजे आज्ञा ऐकणे, आणि म्हणून सेवा, असा त्या शब्दाचा प्रवास आहे. मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात तीन वर्णांची असूयारहित शुश्रूषा हे शूद्राचे कर्म म्हणून सांगितले आहे. ऐकण्याची इच्छा आणि ऐकण्याची सक्ती या दोन्ही गोष्टी एका शब्दात नांदतात.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’मध्ये (१९८५ साली रंगमंचावर आलेले हे नाटक पुढे त्रिनाट्यधारेचा पहिला भाग ठरले) सर्वांत वृद्ध असलेली दादी मुलाला हाक मारून वारंवार वेळ विचारते. तो मुलगा, म्हणजे घराचा कर्ता पुरुष, नुकताच गेला आहे आणि घर त्याच्या दिवसांसाठी जमले आहे. धरणगावकर देशपांड्यांच्या या घरात दागिन्यांचा, जमिनीचा, मानपानाचा हिशेब चालू असताना मधूनच हा प्रश्न येतो. समीक्षेने दादीच्या प्रश्नाकडे काळाचे प्रतीक म्हणून पाहिले. थांबलेला वाडा, सरलेले युग, आणि वेळ विचारणारी जख्ख म्हातारी, हा अर्थ नाटकात आहेच. परंतु प्रतीक म्हणून वाचण्याच्या घाईत एक साधी गोष्ट नजरेआड झाली, ती ही की तो प्रश्न विचारणारी एक बाई आहे आणि घरातल्या कोणाला तरी तिला उत्तर द्यावे लागते. मुलगा गेला, हे तिला सांगायचे की नाही? सांगितले तर ती ते किती वेळ लक्षात ठेवील, आणि पुन्हा विचारल्यावर पुन्हा तेच दुःख तिला नव्याने द्यायचे का? नाटक या प्रश्नाचा ऊहापोह करीत नाही. ते योग्यच करते, कारण त्या घरातही कोणी तो केला नसता. वेळ सांगून मोकळे होणे, किंवा हाक कानाआड करणे, एवढीच त्या घराची रीत आहे. अंगमेहनतीची कामे ज्याच्या वाट्याला आली त्या चंदूला नाटकात फारशी वाक्ये नाहीत, हेही सूचक आहे. एलकुंचवारांनी देखभालीला केंद्रस्थानी आणले नाही, पण ती ज्या उपेक्षेत घडते त्या उपेक्षेचा नेमका आवाज पकडला. गोव्यातील अभ्यासाने नोंदवलेले मालमत्ता आणि देखभाल यांचे नातेही या वाड्यात, न बोलता, पूर्णपणे हजर आहे.

या प्रश्नाला सर्वांत थेट भिडणारी कादंबरी जपानी आहे. सावाको आरियोशी यांची ‘कोकोत्सु नो हितो’ १९७२ साली प्रसिद्ध झाली. तिचा इंग्रजी अनुवाद ‘द ट्वायलाइट इयर्स’ या नावाने १९८४ मध्ये आला. शीर्षकातील ‘कोकोत्सु’ या शब्दाचा अर्थ तंद्री, भान हरपलेली तल्लीनता असा आहे. कादंबरी इतकी वाचली गेली की, तो शब्द जपानीत बुद्धिभ्रष्ट वृद्धांसाठी बोलीभाषेत रूढ झाला. नायिका अकिको ही वकिलाच्या कार्यालयात टंकलेखन करणारी नोकरदार स्त्री. सासूच्या आकस्मिक मृत्यूनंतर सासरे शिगेझो यांची अवस्था कुटुंबाच्या ध्यानात येते. बायको मेली आहे हे त्यांना कळत नाही. पोटचा मुलगा नोबुतोशी त्यांना चोर वाटतो. ज्या सुनेला त्यांनी आयुष्यभर टाकून बोलले, तिला मात्र ते ओळखतात, आणि रात्रीबेरात्री हाक मारतात ती तिला.

आरियोशींनी या विपर्यासावर भावनेची साय धरू दिलेली नाही. अकिको ही आदर्श सून नाही. तिला राग येतो, किळस येते, म्हातारा लवकर जावा असे तिला वाटते, नोकरी सुटेल याची भीती वाटते. नवरा या साऱ्यापासून दूर राहतो. त्याला वडिलांत स्वतःचे म्हातारपण दिसते आणि ते पाहवत नाही. शासनाच्या समाजकल्याण व्यवस्थेकडे अकिको जाते, तर तेथे घरातल्या स्त्रीने हे करायचे असते यापलीकडे तिच्या हाती फारसे काही लागत नाही. कादंबरीच्या मध्यानंतर एक प्रसंग येतो. स्नानाच्या वेळी अकिको क्षणभर बाजूला जाते आणि म्हातारा पाण्यात बुडता बुडता वाचतो. त्यानंतरच्या आजारातूनही तो अनपेक्षितपणे सावरतो. त्या वेळी तिच्या मनाची दिशा बदलते. याला जितके दिवस जगवता येईल तितके जगवायचे, असे ती ठरवते. हा बदल प्रेमाचा साक्षात्कार म्हणून लिहिलेला नाही. आजवर जे आपल्यावर येऊन पडले होते, ते आता आपण निवडले आहे, एवढाच फरक पडला आहे. काम तेच, धुणी तीच, अपुरी झोप तीच.

येथून पुढे अकिकोचे बोलणे बदलते, आणि कादंबरीची भाषाही. शिगेझो आता वाक्ये गमावून बसले आहेत. ते हसतात, पिंजऱ्यातल्या पाखराकडे तासन् तास पाहत राहतात. अकिको त्यांच्या हसण्याला हसून उत्तर देते. पूर्वी ती त्यांना वास्तवात ओढू पाहत होती. आता ते जेथे आहेत तेथे जाऊन उभी राहते. शेवटी म्हातारा गेल्यावर तोच पिंजरा कवटाळून ती रडते, तेव्हा वाचकाला जाणवते की आपण सून-सासऱ्याची गोष्ट वाचत नव्हतो. सामाजिक भूमिकेच्या पलीकडे दोन माणसांत काहीतरी घडले होते आणि त्याला जपानीतही नाव नव्हते.

या बिंदूवर आयरिस मर्डॉक यांच्या ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ (१९७०) या पुस्तकातील एक प्रसिद्ध दृष्टान्त समोर ठेवता येतो. एक सासू सुनेला गावंढळ, अपरिपक्व समजते, पण वागते मात्र अगदी चांगली. पुढे, सून दृष्टिआड झाल्यावर, ती स्वतःलाच विचारते की आपण नीट पाहतो आहोत ना, आणि प्रयत्नपूर्वक पुन्हा पाहते. गावंढळ वाटली ती साधी दिसू लागते. बाह्य वर्तनात तिळमात्र फरक पडलेला नसतो, तरी नैतिक दृष्ट्या काहीतरी महत्त्वाचे घडलेले असते. सिमोन वेल यांच्याकडून घेतलेली ‘अवधान’ ही संकल्पना मर्डॉक या दृष्टान्तातून उलगडतात. ‘सगळे केले’ या मराठी वाक्यप्रयोगातून जे निसटते, ते नेमके हेच आहे. दोन सुना सासूचे सारखेच ‘सगळे’ करतील, आणि तरी एकीने पाहिलेले असेल, दुसरीने नसेल.

मर्डॉक स्वतः पुढे या अवधानाचा विषय झाल्या. १९९७ साली त्यांना अल्झायमरचे निदान झाले आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. पती जॉन बेली यांनी लिहिलेले आठवणींचे पुस्तक १९९८ साली, म्हणजे त्या हयात असतानाच, प्रसिद्ध झाले. बेलींची पद्धत हलकेपणाची आहे. कशाची तरी वाट पाहणाऱ्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या चिंतातुर प्रश्नांना ते थट्टेने, लाडाने, निरर्थक बडबडीने उत्तर देतात, कारण शब्दांचा अर्थ पोहोचत नसला तरी स्वर पोहोचतो. सकाळी लहान मुलांसाठीचा दूरदर्शन-कार्यक्रम दोघे मिळून पाहतात. रागाने फुटण्याचे क्षणही बेली लपवत नाहीत. तरीही या पुस्तकाविषयी एक अस्वस्थता उरते. जिच्याविषयी लिहिले जात आहे ती शब्दांची मालकीण होती आणि आता प्रत्युत्तर देऊ शकत नाही. हा आक्षेप त्या वेळी घेतला गेला आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्याच्याविरुद्ध एक गोष्ट नोंदवायला हवी. अकिकोची गोष्ट कादंबरीकाराने रचली. ‘करणाऱ्या’ माणसाने स्वतःच्या चिडीसकट लिहिणे ही निराळी साक्ष आहे, आणि ती लिहिणारा पुरुष असणे अपवादात्मक आहे.

आनी एर्नो यांनी हा पेच अधिक कठोरपणे हाताळला. त्यांच्या आईचे १९८६ मध्ये निधन झाले. १९८८ साली आलेल्या ‘उन फाम’मध्ये आईचे जीवन वर्गाच्या, गावाच्या, काळाच्या चौकटीत सुसंगतपणे उभे केले आहे. मात्र आजारपणाच्या काळात लिहिलेल्या नोंदी एर्नो यांनी थेट १९९७ मध्ये, जवळजवळ जशाच्या तशा प्रसिद्ध केल्या, आणि पुस्तकाला शीर्षक दिले ते आईने लिहिलेल्या अखेरच्या वाक्याचे : ‘माझ्या रात्रीतून मी बाहेर आलेले नाही’. घरी काही काळ ठेवल्यानंतर आईला रुग्णालयाच्या वृद्धविभागात हलवावे लागते. मुलगी भेटीला जाते, नखे कापते, गोड काही भरवते, परतते, आणि नोंद करते. आईच्या शरीरात ती स्वतःचे पुढचे शरीर पाहते. अपराधभाव आहे, पण क्षमेची मागणी नाही. दोन पुस्तकांत नऊ वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर हाच एर्नो यांचा खरा निर्णय म्हणावा लागेल. सुसंगत चरित्र हे देखभाल करणाऱ्याचे सत्य नव्हे. ते शोक सरल्यावरचे सत्य आहे. आईच्या तुटलेल्या वाक्याला मुलगी दुरुस्त करीत नाही, ते मुखपृष्ठावर ठेवते. यालाही उत्तर म्हणता येईल.

भारतीय चित्रपटांनी २००५ साली या विषयाकडे एकाएकी वळून पाहिले. संजय लीला भन्साळींचा ‘ब्लॅक’ येथे बाजूला ठेवता येतो. त्यात आजार हा गुरुशिष्येच्या भूमिका उलटवण्यापुरता आला आहे. पद्मराजन यांच्या ‘ओर्मा’ या कथेवर आधारलेला ब्लेसी यांचा मलयाळम ‘तन्मात्रा’ अधिक गंभीर आहे, विशेषतः मुलाकडून बापाची होणारी देखभाल दाखवण्यात. अल्झायमरच्या रुग्णांसाठी काम करणारी पहिली राष्ट्रव्यापी संस्था १९९२ मध्ये केरळमध्येच उभी राहिली, हे लक्षात घेता त्या भाषेत हा चित्रपट निघाला याचे नवल वाटत नाही. जानू बरुआंच्या ‘मैंने गांधी को नहीं मारा’मध्ये मात्र प्रस्तुत विवेचनाला थेट स्पर्श करणारा प्रसंग आहे. हिंदीच्या निवृत्त प्राध्यापकाला वाटते की गांधीहत्येचा आरोप आपल्यावर आहे. समजावून उपयोग होत नाही, तेव्हा मुलगी आणि डॉक्टर मिळून खोटे न्यायालय उभे करतात, जेणेकरून त्याला निर्दोष सुटता यावे. भ्रमाच्या आत जाऊन उत्तर देण्याची कल्पना इतक्या नाट्यमय रूपात क्वचितच कोणी योजली असेल. दुर्दैवाने चित्रपटाचा ताबा लवकरच रूपक घेते. राष्ट्राच्या विस्मरणावर भाष्य सुरू होते, आणि बापाचा दिवस कसाबसा पार पाडणारी मुलगी त्या भाष्याच्या गर्दीत दिसेनाशी होते. ‘वाडा चिरेबंदी’च्या समीक्षेने दादीचे जे केले, तेच येथे दिग्दर्शकाने स्वतःच केले आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३ मध्ये पूर्ण, २०१६ मध्ये चित्रपटगृहांत) या सगळ्यांच्या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. स्किझोफ्रेनियावरील ‘देवराई’त (२००४) त्यांनी भावाला सांभाळणारी बहीण उभी केली होतीच. ‘अस्तु’मध्ये संस्कृतचे व्यासंगी पंडित डॉ. चक्रपाणी शास्त्री यांना अल्झायमर झाला आहे. ती भूमिका करणारे मोहन आगाशे व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ आहेत, याचा उल्लेख नेहमी होतो. त्यांच्या अभिनयातील संयम केवळ त्या ज्ञानाने आलेला नाही, एवढे म्हणावेसे वाटते. मुलगी इरा कामासाठी गाडीतून उतरते तेवढ्यात शास्त्री रस्त्यावरून जाणाऱ्या हत्तीच्या मागे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना आपल्या पालावर सांभाळते. तिची भाषा कन्नड आहे. शास्त्री तिला आई म्हणू लागतात आणि ती आई होते.

चन्नम्माला हे इतके सहज का साधते? अमृता सुभाष यांच्या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त अभिनयाच्या स्तुतीत हा प्रश्न बहुधा विरघळून जातो. तिचा स्वभाव मायाळू आहे, हे उत्तर अपुरे आहे. पहिले कारण भाषेचे. शास्त्रींचे बोलणे तिला पूर्ण कळत नाही, म्हणून ते चूक आहे हेही तिला दिसत नाही. दुरुस्त करण्याचा मोह तिला होऊच शकत नाही. तिच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त स्वर, भूक, भीती, थकवा. दुसरे कारण स्मृतीचे. हा माणूस पूर्वी कोण होता, हे तिला ठाऊक नाही. ज्या विद्वत्तेचे अवशेष पाहून इराचा जीव तुटतो, त्या विद्वत्तेशी चन्नम्माचा कधी संबंधच आला नव्हता. तिच्यापुढे एक म्हातारे मूल आहे, आणि ते तेवढेच आहे. इरापुढे वडील आहेत, आणि त्यांच्यामागे न पुसता येणारे वडील आहेत.

म्हणूनच चन्नम्माच्या वाटणीला आलेले यश इराच्या अपयशाशेजारी ठेवताना सावध राहिले पाहिजे. चन्नम्माने शास्त्रींना फार थोडा काळ सांभाळले आहे. इराच्या वाट्याला वर्षे आली आहेत, आणि पुढेही येणार आहेत. आरियोशींनी अकिकोचा बदल शेकडो पानांच्या धुण्यापुसण्यातून उगवू दिला. ‘अस्तु’ तो बदल परक्या स्त्रीकडून उसना आणतो. येथे ‘नटसम्राट’चा राजा आठवल्यावाचून राहत नाही. एकोणीसशे सत्तरमध्ये बूटपॉलिशवाला मुलगा, त्यानंतर चार दशकांनी माहुताची बायको. घर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहे, त्यामुळे मराठी मध्यमवर्गीय कल्पनाशक्तीला निर्मळ माया घराबाहेर, वर्गरेषेच्या पलीकडे शोधावी लागते. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा जो दुसरा, सक्तीचा अर्थ, तो असा प्रेमाचा वेष घेऊन परत येतो. चन्नम्माला या पाहुण्यामुळे काय पडले, तिच्या घरच्या अन्नाचे, मुलांचे, हत्तीच्या पोटाचे काय झाले, याची जाण चित्रपटाला अजिबात नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पालावरची ओढाताण त्यात दिसते. पण चित्रपटाची नजर अखेर इराच्या मनःशांतीकडे वळलेली आहे.

असे असूनही ‘अस्तु’ने मराठीत एक गोष्ट प्रथम केली, आणि ती मोठी आहे. त्याने खटला चालवला नाही. इरा, तिचा नवरा, तिची बहीण यांच्यातील ताण, एकमेकांवर ढकललेली जबाबदारी, वृद्धाश्रमाच्या नुसत्या उल्लेखाने होणारी घुसमट हे सारे दाखवूनही कोणी खलनायक ठरवलेला नाही. वडिलांवर ओरडणाऱ्या इराला प्रेक्षक दोषी धरत नाही. तो तिच्याबरोबर थकतो. शीर्षकातील ‘अस्तु’ हा पुरोहिताच्या तोंडचा संमतीचा उद्गार आहे, आणि वडिलांच्या संस्कृतातूनच तो घेतला आहे. भ्रमातल्या माणसाला दुरुस्त करू पाहणारी मुलगी त्याच्याच भाषेतला होकार शिकते. कॉर्डेलियाचे ‘काहीच कारण नाही’ आणि हे ‘असो, असेच असो’ यांची जात एक आहे.

अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात औगुस्ट डेटर या रुग्णस्त्रीची तपासणी केली, तेव्हाची हस्तलिखित नोंदवही हरवली होती. ती १९९५ च्या अखेरीस पुन्हा सापडली. त्या नोंदी प्रश्नोत्तरांच्या आहेत. नाव काय, नवऱ्याचे नाव काय, हे काय आहे, असे डॉक्टर विचारतो. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरे ठाऊक आहेत आणि रुग्णाला ती येतात की नाही एवढेच पाहायचे आहे. या रोगाच्या वैद्यकीय इतिहासाचा हा आरंभ. घरात मात्र प्रश्न विचारतो तो रुग्ण, आणि उत्तर ठाऊक नसते ते घरच्यांना. औगुस्टला रुग्णालयात घेऊन आलेल्या नवऱ्याने त्याआधीच्या महिन्यांत तिच्या प्रश्नांना काय उत्तरे दिली, हे त्या नोंदवहीत नाही.